घड्याळजी आणि मामींचा अंगठा

ड्रेसरमामा घरात बोलत नसत, हे बाहेर कुणाला सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. मामा आणि बोलत नाहीत? अहो, दवाखान्याच्या त्या लांबलचक बोळात बाकांवर बसलेल्या कुणालाही विचारा. आतून मामांचा आवाज यायला लागला की बाहेरची माणसं कण्हायची थांबायची आणि कान टवकारून बसायची. आपला नंबर लागू नये, आधीच्याची पट्टी जरा लांबावी, म्हणजे गोष्ट पुरी ऐकायला मिळेल, असं वाटणारे रोगी मामांनीच तयार केले होते. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन, औषध लावून, पट्ट्या बांधणारा माणूस. मामा त्या दवाखान्यात लागले ते झाडूपोछ्याच्या कामावर, मिसरूड फुटायच्या वयात. म्हाताऱ्या ड्रेसरने एकदा त्यांना काचेच्या बाटल्या उचलताना पाहिलं आणि म्हणाला, ह्याचा हात थरथरत नाही, ह्याला माझ्याकडे द्या. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मामांचं सगळं आयुष्य त्या एका खोलीत गेलं. अर्ध्या भिंतीपर्यंत हिरव्या फरशा, मधोमध उंच टेबल, कडेला उकळत्या पाण्याचं भांडं आणि त्यात खुळखुळणारे चिमटे. फळीवर लाल औषध, जांभळं औषध, पिवळं औषध. कोपऱ्यात झाकणाची बादली, तिच्यात कुणी डोकावू नये अशी. आणि मागच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या धुतलेल्या पट्ट्या. सकाळी लवकर येऊन मामा जाळीच्या कापडाचं ठाण कापायचे आणि चौकोनी घड्या घालायचे, कडा आत दुमडून, एकही सुटा धागा बाहेर दिसणार नाही अशा. धागा जखमेत राहिला तर जखम चिघळते. त्या घड्यांच्या थप्पीवरून हात फिरवला की त्यांना स्वतःच्या घरात आल्यासारखं वाटायचं. खोलीला स्पिरिटचा वास होता. पुढे कित्येक वर्षांनी कुठे इंजेक्शन देताना तो वास आला तरी मामांचा जीव कासावीस व्हायचा, इतकी त्या खोलीची आठवण त्यांना यायची.

तेव्हाची पद्धत साधी होती. जखम कोरडी ठेवायची. ओल म्हणजे शत्रू. खपली धरली की निम्मं काम झालं. पायाला जखम असलेल्यांना मामा खिडकीशी उन्हात पाय करून बसवायचे. रोज कालची पट्टी सोडायची, धुवायचं, पुसायचं, नवी बांधायची. आता ह्यात एकच ग्यानबाची मेख. कालची जाळी वाळून जखमेला घट्ट चिकटलेली असायची. ती ओढून काढायची म्हणजे धट्टीकट्टी माणसंही टेबलाची कड धरून किंचाळायची. पाणी घालून भिजवली तरी शेवटचा तुकडा सुटता सुटायचा नाही.

मामांनी गोष्ट सुरू केली ती ह्या शेवटच्या तुकड्यासाठी.

गोष्ट एकच होती आणि ती कधी संपायची नाही. एक घड्याळजी असतो. त्याच्या दुकानात कुणीतरी एक खिशातलं घड्याळ दुरुस्तीला टाकून जातं आणि परत न्यायला येतच नाही. घड्याळ तर दुरुस्त झालेलं, टिकटिक करत पडलेलं. त्या टिकटिकीने घड्याळजीला झोप लागेना. शेवटी तो दुकानाला कुलूप लावून ज्याचं त्याला परत द्यायला निघतो. दारोदार फिरतो. ज्या दारात जाईल तिथे घरातलं माणूस म्हणतं, घड्याळ माझं नाही, पण आत या, तुमच्यासारख्या माणसाचीच वाट बघत होते. की लागलं लफडं. कुठे भांडणाचा न्याय करा, कुठे हरवलेली गाय शोधा, कुठे नवरदेव पळालाय तर तेवढ्यापुरते उभे राहा. मामा एकीकडे बोलत बोलत पट्टी सोडायचे. बोटं चालायला लागली की तोंड आपोआप चालायचं. घड्याळजी जिन्यावर चढलाय, वरच्या खोलीत कुणीतरी कण्हतंय, त्याने दाराला हात लावला, दार उघडलं आणि... आणि ऐकणाऱ्याचा श्वास अडकलेला असतानाच तो शेवटचा तुकडा सुटून बादलीत पडलेला असायचा. "उरलेलं उद्या," मामा म्हणायचे. उद्या काय होणार हे त्यांनाही माहीत नसायचं. उद्या कुणाचीतरी पट्टी सोडायला घेतली की सुचायचं.

आणि असा हा माणूस घरी आला की तोंडाला कुलूप. चप्पल काढायची, हात कोपरापर्यंत धुवायचे, जेवायचं, खिडकीपाशी बसायचं. रागवायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, पगार आणून मामींच्या हातात द्यायचे, माणूस सोन्यासारखा. पण बोलणं म्हणजे "हं", "बरं", "मीठ". मामी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं, आपण आवडलो नाही. वर्षभराने वाटलं, लाजत असतील. लेक झाली, मोठी झाली, लग्न होऊन लांबच्या गावी गेली, तेव्हा त्यांनी वाटून घ्यायचं सोडून दिलं.

त्या घड्याळजीची गोष्ट मामींच्या कानावर यायची ती दुसऱ्यांकडून. दूधवाल्याचा पाय भाजला होता, तो दारात उभा राहून सांगायचा, काय सांगू वहिनी, घड्याळजी काल विहिरीत उतरला. शिंपीणबाईंच्या बोटाला मशीनची सुई लागली, त्यांना तो सर्कशीच्या तंबूत भेटला. शेजारच्या मास्तरांना गळू झालं, त्यांनी घड्याळजीला तुरुंगातच सोडलं, कारण गळू बरं झालं. मामींना तो घड्याळजी असा ठिगळाठिगळांनी माहीत होता. विहिरीतून तो तंबूत कसा गेला हे विचारायला जावं तर ज्याला माहीत तो समोर बसून भात कालवतोय आणि म्हणतोय, "मीठ." एकदा धीर करून त्यांनी विचारलंही होतं, की अहो, तो तुमचा घड्याळजी तुरुंगातून सुटला का. मामांनी वर पाहिलं, ओशाळल्यासारखे हसले, म्हणाले, अगं, ते तिथलं तिथे. मामींनी पुन्हा नाव काढलं नाही. अशा गोष्टी मनाला किती लागतात, हे ज्याचं त्यालाच कळतं.

मामा निवृत्त झाले. निरोपाला लोकांनी खोलीत पाय ठेवायला जागा ठेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून मामा खिडकीपाशी बसले ते बसलेच. वर्तमानपत्र एकाच पानावर उघडं पडलेलं असायचं. मामींना वाटलं होतं, आता तरी घरात बोलणं होईल. झालं उलटंच, "मीठ"सुद्धा बंद झालं. भाजीत मीठ कमी असलं तरी हा माणूस मुकाट्याने गिळायचा. मामींना सारखं वाटायचं, की हे असंच एक दिवस खुर्चीतल्या खुर्चीत संपून जातील आणि आपल्याला तासाभराने कळेल.

मग मामींच्या पायाला ते झालं.

मामींना साखरेचा आजार जुना. पायांना मुंग्या यायच्या आणि हळूहळू मुंग्याही यायच्या बंद झाल्या. मामींना वाटलं, बरं झालं. ते बरं झालं नव्हतं, पाय बधिर झाला होता. थंडीत शेकायला घेतलेली गरम पाण्याची पिशवी उजव्या अंगठ्याला लागून राहिली. अंगठा भाजला आणि मामींना पत्ता नाही. फोड आला, फुटला, तेव्हा त्यांनी त्यावर हळद दाबली आणि मोजा चढवला, उगाच ह्यांना कशाला सांगा म्हणून. ज्या घरात जन्मभराचा ड्रेसर बसलाय, त्या घरात जखम मोज्यात लपवली जाते, बघा आता. मामांना ती दिसली नाही, त्यांना वास आला. जेवता जेवता त्यांचा घास हातात थांबला. तो वास त्यांनी हजारदा घेतला होता. ताट सरकवून ते खाली वाकले, मामींचा मोजा काढला आणि त्यांना तसंच डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी मेलेला भाग कापून काढला, गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, की आता सगळं जखम भरण्यावर आहे. भरली तर उत्तम. हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल, आणि साखरेच्या माणसाचं अंगठ्यावरच थांबतं असं नाही, पुढे पाऊल, पुढे आणखी. मामांना हे सांगायची गरज नव्हती. असे कापत कापत वर गेलेले पाय त्यांनी स्वतःच्या हाताने बांधले होते. मामा म्हणाले, पट्टी मी करीन. डॉक्टर बरा माणूस होता, मामांना ओळखत होता, पण त्याने मान हलवली. म्हणाला, मामा, आता पद्धत बदललीय, आमच्या सिस्टर घरी येतील, तुम्ही आराम करा. मामांना भर बाजारात कुणी आपली टोपी उडवावी तसं झालं.

सिस्टर म्हणजे धिप्पाड बाई. आवाज असा की खालच्या मजल्यावरच्यांना मामींच्या साखरेचा आकडा कळावा. पण बसली की मांडी घालून जमिनीवर बसायची आणि मामींचा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायची. तिने पिशवीतून एक ट्यूब काढली आणि त्यातला पारदर्शक, दाट, थरथरता गोळा थेट जखमेवर पिळला. मामा मान उंचावून बघत होते. न राहवून म्हणाले, हे पोरं केसांना लावतात ते ना? सिस्टर खो खो हसली. म्हणाली, मामा, हे जखमेचं जेल. ह्याने जखम ओली राहते. नवी कातडी कडेकडेने सरकत आत येते, तिला सरकायला ओल लागते, कोरड्या खपलीवर ती अडकून बसते. जेलवर तिने एक मऊ, न चिकटणारी जाळी ठेवली, वर गादीसारखा चौकोन, आणि ताणल्या जाणाऱ्या पट्टीचे चार वेढे दिले, वेडेवाकडे. वेढे बघून मामांच्या कपाळाला आठी पडली. मी येईपर्यंत हात लावायचा नाही, सिस्टरने बजावलं, तीन-चार दिवसांनी मीच सोडीन. मग उठता उठता ती सहज म्हणून गेली:

"आता चिकटतच नाही मामा. सोडताना पेशंटला कळतसुद्धा नाही."

मामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. चिकटतच नाही! मग ते किंचाळणं, ती टेबलाची कड, तो शेवटचा तुकडा? जन्मभर ज्या दुखण्यावर आपण गोष्टीची फुंकर घातली, ते दुखणं आपल्याच पट्टीने आणलं होतं की काय? हा विचार त्यांना सहन होईना. त्यापेक्षा ती धिप्पाड बाई चुकतेय, हे मानणं सोपं होतं. माणूस सोपं तेच मानतो, मामाही माणूसच. ओली ठेवतात म्हणे जखम! उद्या म्हणतील कुजवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामींचा डोळा लागला. पाय उशीवर होता. मामांचे हात शिवशिवायला लागले. नुसतं बघू, ते स्वतःशी म्हणाले. स्टूल ओढलं, हात धुतले, चोरासारखी इकडेतिकडे नजर टाकली आणि पट्टीचं टोक सोडलं. आत जखम ओलीगच्च, चकाकत होती. चिकट पातळसा थर होता, कडेला पांढुरका. मामांच्या जुन्या डोळ्यांना ती ओल दिसली, दुसरं काही दिसलंच नाही. त्यांनी जाळीच्या कापडाची एक घडी घेतली आणि जखम स्वच्छ पुसली, कडेने नीट, दाबून. थोडा वेळ पंख्याच्या वाऱ्याला धरली. कोरडी झाली तेव्हा त्यांना हायसं वाटलं. मग जाळी, चौकोन, पट्टी पुन्हा होती तशी.

आणि हे करताना त्यांचं तोंड चालू झालं होतं. त्यांना स्वतःला कळलं ते गोष्ट बरीच पुढे गेल्यावर. हळू आवाजात, झोपलेल्या बायकोच्या अंगठ्याशी ते सांगत होते, की घड्याळजी एका बंद पडलेल्या दीपगृहापाशी आलाय, आतल्या म्हाताऱ्याला वेळ कळत नाही म्हणून तो दिवाच लावत नाही, आणि समुद्रात एक होडी वाट चुकलीय. मामांनी चपापून मामींकडे पाहिलं. त्यांचा श्वास संथ चालला होता. मामांना बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं होतं!

झालं, मग रोजचंच ठरून गेलं. दुपारी मामी आडव्या झाल्या, डोळे मिटले, की मामा स्टूल ओढायचे. पट्टी सुटायची आणि घड्याळजी निघायचा. होडी किनाऱ्याला लागली. होडीतल्या बाईने घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाली, माझं नाही, पण हा आवाज मी ऐकलाय. मामांना संध्याकाळी भूक लागायला लागली. एकदा ते चक्क म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." मामींनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या.

जखमेचं मात्र गाडं अडलं. सिस्टर यायची, पट्टी सोडायची आणि भुवया चढवायची. जेलचा उरलासुरला पापुद्रा, जखम कोरडी ठक्क, कडा काळपट. ती आणखी जेल घालायची, चौकोन बदलून बघायची, साखर तपासायची. काही केल्या जखम पुढे सरकेना. शेवटी डॉक्टरांचा निरोप आला, की पुढच्या आठवड्यात दाखवा, फरक नसेल तर अंगठा काढून टाकू, उगाच वर चढायला नको. लेकीचा फोन आला, ती रडत होती. मामींनीच तिला समजावलं. मामा त्या दुपारी स्टुलावर बसले तेव्हा त्यांनी जखम आणखी नेटाने पुसली. ह्या बाईच्या ओलीनेच सगळी वाट लावलीय, असं ते दातओठ खात मनात म्हणत होते.

चोरी पकडली गेली ती मामांच्या टापटिपीमुळे. त्या दिवशी सिस्टर आली, पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायच्या आधी बघतच राहिली. पट्टी वेणी घातल्यासारखी बांधलेली होती. एकावर एक तिरके वेढे, सगळ्यांत सारखं अंतर, टोक आत दुमडून खोचलेलं. आधीच्या दिवसांत मामा आठवणीने वेडीवाकडी बांधायचे. पण वेडीवाकडी पट्टी बांधायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं, आणि त्या रागाच्या दुपारी हात आपल्या जुन्या वळणावर गेले.

"ही मी बांधलेली नाही," सिस्टर म्हणाली.

मामी चटकन म्हणाल्या, की सुटली होती म्हणून मीच बांधली, मलाच खाज येते, मीच सोडून बघते. ज्या बाईला वाकून स्वतःची चप्पल सरळ करता येत नव्हती, ती हे सांगत होती. सिस्टरचा पारा चढला. तिने मामींना असं फैलावर घेतलं की बस्स. तुम्हाला पाय नकोसा झालाय का, सगळं घर तुमच्यापायी टांगणीला लागलंय, त्याचं काहीच नाही का. मामी खाली मान घालून ऐकून घेत होत्या. मामा भिंतीशी उभे होते. त्यांना तिथे गप्प राहता आलं असतं, गप्प राहायची त्यांना सवयच होती. पण ते पुढे आले आणि म्हणाले की मी सोडतो, रोज, ही झोपली की. आणि पुसून कोरडी करतो.

सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं. ह्या वेळी तिचा आवाज खालच्या मजल्यावर गेला नाही.

"मामा, तुम्ही पुसत होता ती नवी कातडी होती. ती रोज येत होती आणि तुम्ही रोज पुसून टाकत होता."

मामा मोरीत गेले आणि नळ सोडून कितीतरी वेळ हात धूत राहिले. सिस्टरने भरपूर जेल घातलं, पट्टी बांधली, जाताना मोरीच्या दाराशी थांबून एवढंच म्हणाली, की अजून आठवडा आहे, हात लावू नका. ती गेल्यावर मामा बाहेर आले आणि मामींच्या पायाशी बसले. त्यांचे डोळे लाल झाले होते. म्हणाले, मी तुझा पाय खाल्ला. तू झोपेत होतीस आणि मी...

"मी झोपेत नव्हते," मामी म्हणाल्या.

मामांनी मान वर केली.

"एक दिवससुद्धा नाही. पायाला कळत नसलं तरी कानाला कळतं की."

"मग बोलली का नाहीस? अंगठा जायची वेळ आली तरी?"

"बोलले असते तर तुम्ही गप्प झाला असता." मामी खिडकीकडे बघत होत्या. "सगळ्या गावाला सांगितलीत ती गोष्ट. दूधवाल्याला सांगितलीत. मला जन्मात पहिल्यांदा मिळत होती. म्हटलं, गेला अंगठा तर गेला."

मामा आधी भडकले. वेडी आहेस का, अक्कल गहाण ठेवलीस का, गोष्टीपायी कुणी पाय देतं का, असं काय काय ते बोलले. इतकं सलग ते घरात कधीच बोलले नव्हते. आणि बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला आणि ते मामींच्या गुडघ्याला कपाळ टेकून लहान मुलासारखे रडले. मामींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनाही भीती वाटत होती, अंगठ्याची, खूप वाटत होती. ते त्यांनी आत्ता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी स्टूल ओढलं. आज मामी उघड्या डोळ्यांनी उशीला टेकून बसल्या होत्या. मामा म्हणाले, पट्टीला हात लावणार नाही, पण गोष्ट सांगतो. घसा खाकरला. "तर तो घड्याळजी," ते म्हणाले, आणि थांबले. पाणी प्यायले. "तर तो होडीतून उतरल्यावर," आणि पुन्हा थांबले. रिकामे हात मांडीवर पडले होते आणि डोक्यातही तसाच रिकामा अंधार. हात आपोआप पट्टीकडे गेले, मामींनी पाय झटकन मागे घेतला. मामा कसनुसे झाले. म्हणाले, हातात काही नसलं की सुचत नाही गं. इतक्या वर्षांनी मामींना त्या मुक्या संध्याकाळींचं कारण कळलं. कारण इतकं साधं होतं की त्यांना हसावं की रडावं कळेना.

त्या दिवशी गोष्ट झालीच नाही. पण दुसऱ्या दिवशी मामी भिंत धरत, लंगडत कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत गेल्या. सिस्टर दोन पट्ट्या आलटून पालटून वापरायची, एक पायावर, एक धुतलेली वाळत. ती वाळलेली पट्टी त्यांनी ओढून काढली आणि तिचा गुंता तसाच मामांच्या मांडीवर टाकला. म्हणाल्या, नीट गुंडाळून द्या, सिस्टरला लागेल.

मामांनी सवयीने टोक शोधलं. ताणून धरलं, सुरकुती काढली, पहिला घट्ट वेढा दिला. दुसरा दिला. तिसऱ्या वेढ्याला होडीतली बाई घड्याळजीला म्हणाली, की हा आवाज मी ऐकलाय तो माझ्या वडिलांच्या खिशात. मामी पुढे सरकून बसल्या. विहीर कुठे, तंबू कुठे, तुरुंगातून तो सुटला कसा, हे सगळं त्यांनी मध्ये मध्ये थांबवून विचारून घेतलं. मामांना कितीतरी आठवत नव्हतं. आठवत नव्हतं ते त्यांनी तिथल्या तिथे नवं रचलं. मामींना दूधवाल्याकडून ऐकलेली गोष्ट जास्त आठवत होती, त्या चुका काढायच्या, मामा चिडायचे. वाद व्हायचे चांगले.

पायाच्या पट्टीकडे मामांनी त्या आठवड्यात पाहिलंदेखील नाही. कधी कधी हात शिवशिवायचे, तेव्हा ते गुंडाळलेली पट्टी सोडून परत गुंडाळायचे. सिस्टर आली तेव्हा ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले, आत यायचा त्यांना धीर होईना. आतून सिस्टरचा नेहमीचा दणदणीत आवाज आला, तेव्हा त्यांनी दाराची चौकट धरली. ती म्हणत होती, मामा, या, बघा. जखम लालसर, ताजी, तळातून भरत आलेली, आणि कडेने एक फिकट गुलाबी रेघ आत सरकलेली. मामांनी ती रेघ जन्मात अशी नीट पाहिली नव्हती. त्यांना त्या हिरव्या फरशांच्या खोलीतली माणसं आठवली, टेबलाची कड धरून बसलेली, आणि त्यांनी मनातल्या मनात त्या सगळ्यांची माफी मागितली. डॉक्टरांनी अंगठा काढायचं रद्द केलं.

जखम भरायला पुढे बरेच आठवडे लागले. साखरेचा पाय, तो काही एका रात्रीत ऐकत नाही. पण रेघ सरकत राहिली आणि एक दिवस दोन्ही कडा मिळाल्या. सिस्टर शेवटची आली, अंगठा दाबून बघितला, म्हणाली, आता पट्टी नको, मऊ मोजा घाला, रोज पाय तपासा, आणि ती गरम पाण्याची पिशवी फेकून द्या. मामांचा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि धडाधडा जिना उतरून गेली.

त्या दुपारी मामा स्टुलावर बसले, तेव्हा गुंडाळायला एकच पट्टी उरली होती, शेवटची धुतलेली. मामींचा पाय मोज्यात होता. घड्याळजी होडीतल्या बाईने सांगितलेल्या गावी पोचला होता. गल्ली सापडली, घर सापडलं, तो पायऱ्या चढला. आतून कुणाच्या तरी चालण्याचा आवाज येत होता. घड्याळ त्याच्या मुठीत होतं. त्याने दुसरा हात दारापर्यंत नेला. तेवढ्यात पट्टी संपली. मामांनी शेवटचं टोक आत दुमडलं, गुंडाळी तळहातावर उभी धरून बघितली, आणि सवयीने म्हणाले:

"उरलेलं उद्या."

मामींनी त्यांच्याकडे बघितलं. मग हात पुढे करून ती गुंडाळी घेतली, टोक सोडलं आणि सगळीच्या सगळी झटकून मोकळी केली. पट्टी अंथरुणावर पसरली, खाली लोंबली, जमिनीवर गेली. मामींनी तिचा गोळा केला आणि मामांच्या मांडीवर ठेवून दिला.

मामांनी टोक शोधलं, ताणून धरलं, पहिला वेढा दिला, आणि घड्याळजीने दार वाजवलं.